पोटातल्या महाधमनीची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पायांतली ताकद जाणे: आधी काय विचारावं, नंतर काय बघावं

वडाळा_पूल (धागाकर्ता)

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटातल्या महाधमनीला, म्हणजे हृदयाकडून खाली येणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, फुगा होता. डॉक्टर मंडळी त्याला ‘ट्रिपल ए’ म्हणतात. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, तेव्हा तो सापडला. त्रास काहीच नव्हता. सीटीवर व्यास ६ सेंमीच्या वर निघाला. साधारण २ सेंमी असणारी नळी ३ सेंमी झाली की फुगा म्हणायचं आणि पुरुषांमध्ये ५.५ सेंमीच्या पुढे गेली की शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हे आम्हाला तेव्हा समजलं. अण्णांची बिडी गिरणीच्या काळापासूनची, बीपीचं दुखणंही जुनं. फुटला तर माणूस वाचणं अवघड, हे ऐकल्यावर घरात कुणी मागेपुढे पाहिलं नाही. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली स्टेंटला धरायला पुरेशी जागा नव्हती, म्हणून पोट उघडूनच करायचं ठरलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दोन्ही पाय दुमडून दाखवले, चहा मागितला. त्या रात्री त्यांचं बीपी पडलं. पहाटे आईला पासवर आत सोडलं. तिने सवयीने त्यांचा पाय हातात घेतला, तर अण्णा म्हणाले, “तू धरलंयस ता कळतंय गो, पण पाय हलत नाय.”

आईने लगेच सिस्टरना सांगितलं. सिस्टर म्हणाल्या की पाठीतून एपिड्युरलचं, म्हणजे वेदना कमी करणारं, औषध चालू आहे, त्याने पाय जड होतात. तेही खरंच आहे, होतात. पण त्यामुळे सकाळच्या राउंडपर्यंत कुणी पुढे काही केलं नाही. राउंडला मोठे डॉक्टर आले आणि मग धावपळ सुरू झाली. एमआरआय, बीपी चढवायची औषधं, पाठीत ड्रेन, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढायची नळी. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला होता. आज अण्णा व्हीलचेअरवर आहेत. डावा पाय थोडा हलतो, उजवा नाही.

रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. मला एकच गोष्ट जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवायची आहे. महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस पाय हलतात का हे दर तासाला कुणीतरी बघायला हवं. आणि हलत नसतील तर “सकाळी बघू” ह्या उत्तरावर नातेवाइकांनी थांबू नये. पोटाची शस्त्रक्रिया आणि पाय ह्यांचा संबंध आपल्या डोक्यातच येत नाही, खरी अडचण तिथे आहे. इथल्या डॉक्टर मंडळींनी आणि ह्यातून गेलेल्यांनी लिहावं अशी विनंती.

सोनचाफा_क

वाचून पोटात गोळा आला. अण्णांना आणि काकूंना नमस्कार सांगा. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

भूलतज्ज्ञ_मेघना

मी पालिकेच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. अशा शस्त्रक्रियांना उभी राहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या उभ्या धमन्या तीन. पुढून एक, मागून दोन. पुढची एकटी असून जवळजवळ दोन-तृतीयांश भाग सांभाळते आणि स्नायू हलवणारे मुख्य तंतू त्याच भागात असतात. ती मानेपासून खाली येते, पण एवढ्या लांब तिला वरचं रक्त पुरत नाही. वाटेत महाधमनीतून निघणाऱ्या फांद्या तिला येऊन मिळतात, तेव्हा कुठे भागतं. ह्यातली सगळ्यात मोठी फांदी बहुतेकांमध्ये डाव्या बाजूला, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या पातळीवर असते. पोलिश डॉक्टर अल्बर्ट अ‍ॅडमकिएविच ह्यांनी १८८० च्या दशकात तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. जाडी जेमतेम एक मिलिमीटर.

आता पोटातल्या फुग्यासाठी क्लॅम्प, म्हणजे रक्त रोखणारा चिमटा, लागतो तो बहुधा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली. म्हणजे ही फांदी क्लॅम्पच्या वर राहते आणि बहुसंख्य रुग्णांना काहीही होत नाही. मग काहींना का होतं? एक तर काही जणांमध्ये ती फांदी बरीच खाली, कमरेच्या मणक्यापाशी निघते. दुसरं म्हणजे मज्जारज्जूला कमरेच्या बारीक धमन्यांतून आणि ओटीपोटातल्या आतल्या इलियाक धमन्यांतूनही जोडपुरवठा असतो. फुगा उघडला की आतून रक्त सोडणाऱ्या कमरेच्या धमन्यांची तोंडं टाके घालून बंद करावीच लागतात, त्याशिवाय रक्तस्राव थांबत नाही. इलियाक धमन्याही रोगट असल्या तर आधार आणखी कमी. फुग्याच्या भिंतीवरचा गाळ सुटून बारीक धमन्यांत अडकणं हे तिसरं कारण. आणि ह्या सगळ्यावर बीपी पडलं, तर आतापर्यंत कसंबसं भागवणारा मज्जारज्जू उपाशी राहतो. इमारतीत पाण्याचा दाब उतरला की आधी वरच्या मजल्यावरचा नळ कोरडा पडतो, तसा तो भाग आधी कोरडा पडतो.

किती जणांना होतं? ठरवून केलेल्या, फक्त पोटातल्या फुग्याच्या शस्त्रक्रियेत हजारात दोन-तीन किंवा त्याहूनही कमी. फुगा फुटल्यावर धावतपळत केली तर त्याच्या कितीतरी पट, कारण तिथे बीपी आधीच खाली गेलेलं असतं. स्टेंटने केली तरी धोका शून्य होत नाही. छाती आणि पोट दोन्हींत पसरलेला फुगा असेल तर मात्र हिशेबच वेगळा. त्यात हा धोका इतका मोठा असतो की शस्त्रक्रियेची सगळी आखणी त्याच्याभोवती करावी लागते.

धागाकर्त्यांच्या अण्णांना जे झालं त्याला उशिराचा पक्षाघात म्हणता येईल. शुद्धीवर आल्यावर पाय चांगले, मग काही तासांनी किंवा दिवसांनी जातात. हा प्रकार लक्षात ठेवा, कारण ह्यात हाताशी थोडा वेळ असतो. लगेच बीपी चढवलं, प्राणवायू आणि हिमोग्लोबिन नीट ठेवलं, पाठीतून मज्जाद्रव काढून आतला दाब उतरवला, तर काहींचे पाय पूर्ण परत येतात.

वडाळा_पूल

मेघनाताई, मनापासून आभार. मज्जाद्रव काढल्याने पायात ताकद कशी येते, हे मला आजवर नीट कुणी समजावलेलं नाही. जमलं तर लिहाल?

भूलतज्ज्ञ_मेघना

नक्की. मज्जारज्जू पाण्यासारख्या द्रवात असतो आणि त्या द्रवालाही दाब असतो. धमनीतलं रक्त आत शिरायचं तर त्याला हा बाहेरचा दाब ओलांडावा लागतो. म्हणून मज्जारज्जूला मिळणारा खरा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा मज्जाद्रवाचा दाब.

सरासरी बीपी काढायची पद्धत सोपी आहे. खालचा आकडा दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा, तिनाने भागा. १२०/७५ असेल तर ९०. मज्जाद्रवाचा दाब १० असेल तर मज्जारज्जूला मिळतात ८०. आता बीपी ८०/५० वर आलं, तर सरासरी ६०. त्यात सुजेमुळे द्रवाचा दाब १५ झाला, तर उरले ४५. म्हणून आम्ही दोन्ही टोकांनी प्रयत्न करतो. सरासरी बीपी ९० च्या आसपास किंवा वर न्यायचं आणि द्रवाचा दाब १० पर्यंत उतरवायचा. हे आकडे त्या अडचणीच्या दिवसांपुरते. घरी बीपीच्या गोळ्या बंद करण्याचं निमित्त म्हणून कृपया वापरू नका.

सिस्टर_नलिनी

मी सर्जिकल आयसीयूत बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. नातेवाइकांसाठी दोन गोष्टी सांगते.

मॉनिटरवर बीपीचे दोन मोठे आकडे असतात, त्यांच्या शेजारी किंवा खाली कंसात तिसरा आकडा असतो. तोच सरासरी बीपी. मशीन स्वतःच काढून दाखवतं, गणित करायची गरज नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा की डॉक्टरांनी हा आकडा कितीच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं लिहून दिलंय. हा प्रश्न विचारल्याने कुणी रागावत नाही आणि रागावलं तरी विचारा.

दुसरं, पाय बघायचे म्हणजे काय ते नीट समजून घ्या. “बोटं हलवा” एवढ्याने भागत नाही. आम्ही घोटा वर ओढायला, गुडघा दुमडायला आणि सरळ पाय गादीवरून उचलायला सांगायचो, दोन्ही पायांचं वेगवेगळं. बोटं हलतात पण मांडी उचलत नाही, असंही होतं. सकाळपेक्षा कमी उचललं तरी नोंद करायची आणि फोन करायचा. झोपेचं औषध चालू असेल तर ते उतरवून बघायचं. रात्री एका सिस्टरकडे दोन-तीन गंभीर पेशंट असतात, दुसऱ्याचा श्वास अडकलेला असतो, हे मीही भोगलंय. पण पायाची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. चार्टवर रकाना आखलेला असला की ती होते, नसला की राहून जाते. मी होते तोवर आमच्याकडे तो रकाना हाताने आखायचो.

एपिड्युरलबद्दल: पाय जड झाले तर ते औषधाने असेल असं समजून गप्प बसायचं नसतं. भूलतज्ज्ञांना कळवायचं, ते पंप थांबवतात आणि ताकद परत येते का बघतात. बरोबर ना मेघना मॅडम?

भूलतज्ज्ञ_मेघना

अगदी बरोबर. पंप थांबवूनही काही तासांत ताकद आली नाही, तर तातडीने एमआरआय. कारण एपिड्युरलच्या जागी रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि ते वेळेत शस्त्रक्रियेने काढलं तर पाय वाचू शकतात. तिसरी शक्यताही सांगून ठेवते. पायाच्या धमनीत गुठळी अडकली तरी पाय हलत नाही. तेव्हा पाय गार पडतो, पांढरा-निळा दिसतो, बहुधा भयंकर दुखतो आणि घोट्यापाशी नाडी लागत नाही. मज्जारज्जूच्या इजेत पाय गरम, नाडी चांगली, दुखत काहीच नाही. दुखत नसल्यामुळेच पेशंट ओरडत नाही आणि वेळ जातो.

नीलकंठ_दादर

धागाकर्त्यांविषयी पूर्ण सहानुभूती ठेवून लिहितो. हजारात दोघा-तिघांना होणाऱ्या गोष्टीवर असा धागा निघाला की वाचणारे शस्त्रक्रियाच टाळतील. माझे सासरे असाच फुगा फुटून गेले, रुग्णालयात पोचलेच नाहीत. त्यांना कुणी वेळेवर टेबलावर घेतलं असतं तर आज असते. भीती घालताना हेही तोलायला हवं.

वडाळा_पूल

नीलकंठजी, तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि म्हणूनच पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की शस्त्रक्रियेचा निर्णय बरोबर होता. उद्या अण्णांच्या भावाला असाच फुगा निघाला तर मी त्यालाही शस्त्रक्रिया करूनच घ्यायला सांगेन. फक्त ह्या वेळी भरती होताना पायांबद्दल विचारेन आणि आयसीयूत आत जाणाऱ्या प्रत्येकाला काय बघायचं ते शिकवून पाठवेन. दुर्मीळ म्हणून आधी सांगितलं नाही, हे मी समजू शकतो. पण झाल्यावर ओळखता यायला तरी त्याचं नाव ऐकलेलं असावं लागतं. आईला पाय हलत नाहीत हे पहाटेच कळलं होतं. त्याचा अर्थ काय हे तिला माहीत असतं, तर ती आयसीयूच्या दारातून हलली नसती.

ऍड_सुमेधा

संमतीपत्राच्या बाजूने एक मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली प्रकरणातला २००८ चा निकाल आपल्याकडे आधार मानला जातो. शस्त्रक्रियेचं स्वरूप, पर्याय, मोठे धोके आणि न केल्यास काय होईल, एवढं रुग्णाला समजेल असं सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की रुग्ण घाबरून नकार देईल असे फार दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगायची गरज नाही. म्हणजे हजारात दोघांना होणारी गोष्ट आपणहून सांगितली जाईलच, असं गृहीत धरू नका. विचारलंत तर मात्र खरं उत्तर मिळायला हवं, तो तुमचा हक्क आहे. म्हणून सही करण्याआधी विचारा आणि मिळालेलं उत्तर फॉर्मवर लिहून घ्या. मराठीत लिहून मागितलं तरी चालतं.

गोरेगावकर_पूर्व

हा धागा माझ्यासाठीच निघाला असं वाटतंय. मामांना छाती आणि पोट दोन्हींत फुगा आहे. सर्जननी पायांचा धोका स्वतःहून सांगितला आणि शस्त्रक्रियेआधी पाठीत मज्जाद्रवाची नळी घालणार म्हणाले. मामी हटून बसली आहे की पाठीत सुई घातली की माणूस अधू होतो, नळी नको. तिला काय सांगू?

भूलतज्ज्ञ_मेघना

मामींना सांगा, ती नळी पाय वाचवायलाच आहे. ह्यूस्टनला जोसेफ कोसेली ह्यांच्या गटाने मोठ्या छाती-पोटाच्या फुग्यांवर चाचणी केली होती, २००२ साली प्रसिद्ध झाली. १४५ रुग्ण होते, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी. नळी न घातलेल्यांत १३ टक्क्यांना पायांचा त्रास झाला, नळी घातलेल्यांत २.६ टक्क्यांना. सुई जाते ती कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली.

धोके आहेतच, लपवत नाही. द्रव फार भराभर काढला तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तासाला १०-१५ मिलिपेक्षा जास्त सहसा काढत नाहीत. जंतुसंसर्ग होऊ शकतो, डोकं दुखतं. नळी घातलेला पेशंट कुणाला न विचारता उठवून बसवायचा नाही, पलंगाची उंची बदलायची नाही, कारण द्रवाचं मोजमाप पातळीवर चालतं. नातेवाइकांनी हे कटाक्षाने पाळावं. “बाबांना जरा टेकून बसवते” म्हणत कुणीतरी प्रेमाने पलंग वर करतं आणि घोटाळा होतो.

सर्जनना आणखी तीन गोष्टी विचारा. दोन टप्प्यांत करता येईल का? मधल्या आठवड्यांत जोडपुरवठा वाढायला वेळ मिळतो. शस्त्रक्रिया चालू असताना पायांच्या मज्जातंतूंचे सिग्नल बघायची सोय आहे का? आणि घरी गेल्यावर बीपीच्या गोळ्या कोण ठरवणार? उशिराचा पक्षाघात क्वचित घरी गेल्यावरही झालेला आहे. जुन्या सगळ्या गोळ्या एकदम सुरू करून बीपी खाली आणू नये.

गोरेगावकर_पूर्व

खूप आभार. हे सगळं मामीला वाचून दाखवतो.

फिजिओ_रानफूल

वडाळा_पूल, अण्णांना स्पर्श कळतो पण हालचाल नाही, असं लिहिलंत. गरम-गार कळतं का? टोचलेलं कळतं का?

वडाळा_पूल

नाही. फिजिओने डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली केला, अण्णांनी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. कंपन करणारा चिमटा घोट्यावर ठेवला, तोही कळला. मग बर्फाचा खडा मांडीवर ठेवला आणि विचारलं काय वाटतंय, तर म्हणाले, “बोट लावलंय कायतरी.” पाणी मांडीवरून गादीत ओघळत होतं आणि त्यांना गार लागत नव्हतं. सगळ्यांत अवघड ते बघणं गेलं.

फिजिओ_रानफूल

हाच तो पुढच्या धमनीचा नमुना. मेघना मॅडमनी सांगितलं तसं पुढचा भाग जातो, त्याबरोबर हालचाल, वेदना आणि तापमान जातं. स्पर्शाचा बराचसा भाग, कंपन आणि पाय कुठल्या स्थितीत आहे ह्याचं ज्ञान मागच्या भागातून जातं, ते राहतं. घरच्यांना इथे फार फसायला होतं. “त्यांना कळतं ना हात लावलेला” म्हणून पोट शेकताना गरम पाण्याची पिशवी मांडीवर राहते आणि सकाळी फोड आलेला दिसतो. शेक अजिबात नको. आंघोळीचं पाणी आधी तुमच्या कोपराने बघा. थंडीत शेगडी, प्रवासात गाडीचं तापलेलं इंजिन, मांडीवर ठेवलेलं गरम जेवणाचं ताट, सगळं लांब ठेवा.

सुरुवातीचे काही आठवडे पाय लुळे असतात, मग हळूहळू कडकपणा येतो, मध्येच झटके बसतात. नातेवाइकांना वाटतं पाय हलायला लागले. ती इच्छेने केलेली हालचाल नसते, पण वाईट लक्षणही नव्हे. खरी प्रगती सांगितल्यावर हलण्यात बघायची. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते, पुढेही थोडी होत राहते. ज्यांच्यात सुरुवातीला थोडी तरी हालचाल शिल्लक आहे त्यांचं बरं असतं. अण्णांचा डावा पाय हलतोय, तेव्हा व्यायाम सोडू नका.

मुंबईत ह्यासाठी हाजीअलीची संस्था आहे, म्हणजे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. केंद्र सरकारची, १९५५ पासूनची. तिथे भरती करून पुनर्वसन करतात, कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा साचा, बनवतात. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही हे विभाग आहेत. ऑक्युपेशनल थेरपी तर देशात सुरू झाली तीच परळच्या केईएममध्ये, १९५० साली कमला निंबकर ह्यांनी केली. मुंबईकरांना ह्या गोष्टी माहीत नसतात आणि लोक घरी मालिशवाला बोलावून पहिले महिने घालवतात, ह्याची मला फार हळहळ वाटते. लुळ्या पायाचं जोरात मालिश करू नका. पोटरीत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

चाकांवरचा_माणूस

मला अपघाताने कमरेखाली पक्षाघात झाला, कारण वेगळं पण पुढचं आयुष्य सारखंच. लिफ्ट नसलेल्या चाळीत सुरुवात केली, आता ट्रान्झिट कॅम्पमध्ये तळमजल्यावर आहे. घरच्यांना उपयोगी पडेल ते लिहितो.

कातडी सगळ्यात आधी. झोपलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा. एअर बेड आणला म्हणून कूस बदलायची सुटका नाही. चेअरवर बसल्यावर पाव ते अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचं किंवा पुढे वाकायचं. रोज सकाळी माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे आरशात बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा पडला नाही तर त्या बाजूवर त्या दिवशी अजिबात भार नको. बेडसोर आठवड्यात होतो आणि भरायला महिने घेतो.

लघवीचं. कायमची नळी सोयीची वाटते, पण जमेल त्याने दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकावं. एका वेळी ४००-५०० मिलिपेक्षा जास्त साठू देऊ नये, म्हणजे पाणी किती आणि कधी प्यायचं तेही ठरवावं लागतं. सुरुवातीला लाज वाटते, शिकवणारी सिस्टर बाई असली तर आणखी वाटते. शिकून घ्या. मूत्रपिंडं ह्याच्यावर टिकतात. शौचाची वेळ रोज एकच ठेवा, शक्यतो जेवणानंतर अर्ध्या तासाने, तेव्हा आतडी आपोआप हलतात.

कागदपत्रं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. पैशाची ओढाताण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा, बिल झाल्यावर जाऊ नका. ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणं बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

आणि मज्जारज्जूची इजा झालेल्यांसाठी मुंबईत नीना फाउंडेशन काम करतं. अशा माणसांशी बोलणं हे औषधाइतकंच लागतं. अण्णांना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी फोन करेन.

वडाळा_पूल

दादा, व्यनि केला आहे. अण्णा कुणाशी फार बोलत नाहीत सध्या. गिरणीतला किंवा परळ-लालबागचा कुणी असेल तर बोलतील. तुम्ही ना. म. जोशी मार्गावरचे निघालात तर उत्तमच.

चाकांवरचा_माणूस

करी रोड. जवळच. रविवारी दुपारी फोन करतो.

नीलकंठ_दादर

माझा आधीचा सूर कडक लागला असेल. सगळे प्रतिसाद वाचून काढले. हा धागा वर ठेवावा अशी संपादकांना विनंती.

सोनचाफा_क

एक प्रश्न. असा फुगा घराण्यात चालतो का? माझ्या काकांना आहे, तर वडिलांची तपासणी करावी का?

भूलतज्ज्ञ_मेघना

हो, करावी. सख्ख्या भावंडांत आणि मुलांत धोका जास्त असतो, विशेषतः पुरुषांत आणि सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांत. साधी पोटाची सोनोग्राफी पुरते, इंजेक्शन लागत नाही. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टीला एकदा ही सोनोग्राफी करायला सरकारच बोलावतं. आपल्याकडे तशी योजना नाही, तेव्हा आपणच जायचं. रिपोर्टमध्ये महाधमनीचा व्यास सेंमीमध्ये लिहून मागा. नुसतं ‘नॉर्मल’ नको. ३ ते ५.५ च्या मध्ये असेल तर ठरावीक अंतराने पुन्हा बघत राहायचं आणि तंबाखू त्याच दिवशी बंद. ठरवून, वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेत पायांचा धोका फुटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा खूप कमी असतो, म्हणून लवकर सापडणं दोन्ही अर्थांनी फायद्याचं.

गोरेगावकर_पूर्व

मामी तयार झाली. सर्जन दोन टप्प्यांत करणार आहेत, तसं ते आधीच ठरवून बसले होते, आम्ही विचारल्यावर कागदावर चित्र काढून समजावलं. आयसीयूत पाय दर तासाला तपासून चार्टवर लिहायचं, हेही मान्य केलं. मामेभावाला नलिनी सिस्टरांचा प्रतिसाद छापून दिलाय, रात्रीचा पास त्याच्याकडे आहे.

सिस्टर_नलिनी

छान. त्याला सांगा, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच मामांचे पाय एकदा तसेच उचलून बघायचे. आधी किती उचलत होते ते माहीत असलं तरच नंतर कमी झालं हे कळतं. गुडघेदुखी असेल तर तीही लिहून ठेवा.

वडाळा_पूल

हे फार महत्त्वाचं आहे सिस्टर, मूळ लेखात तुमच्या नावाने जोडतो. धाकटे काका चिपळूणला असतात, अजून बिडी ओढतात. गणपतीला गावी जाणार आहे तेव्हा त्यांची सोनोग्राफी करून घेतो आणि व्यासाचा आकडा इथे लिहितो.